एडवर्ड एल्गार : मृतांसाठी सुरांतून प्रार्थना करणारा संगीतकार

इंग्लंडमधील वुस्टर शहराजवळच्या ब्रॉडहीथ खेड्यात २ जून १८५७ रोजी एडवर्ड एल्गार यांचा जन्म झाला. वडील विल्यम पियानो सुरात लावून देण्याचा व्यवसाय करीत. ते कॅथलिक नव्हते, तरीही वुस्टरच्या संत जॉर्ज कॅथलिक चर्चमध्ये ते ऑर्गन वाजवीत. त्यांच्यासोबत उपासनेला जाता-जाता आई ॲन यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली व मुलांना त्याच श्रद्धेत वाढवले. एडवर्ड कोणत्याही संगीत महाविद्यालयात गेले नाहीत. वडिलांचे दुकान व चर्चचा ऑर्गन हेच त्यांचे गुरुकुल. १८८५ साली वडिलांच्या जागी तेच ऑर्गनवादक झाले.

इंग्लंडमधील कॅथलिकांवरील बहुतेक कायदेशीर बंधने १८२९ साली उठली होती. समाजमनातील अढी मात्र कायम होती. १८८९ मध्ये भारतात भूज येथे जन्मलेल्या ॲलिस रॉबर्ट्स या लष्करी अधिकाऱ्याच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा दुकानदाराचा कॅथलिक मुलगा म्हणून तिच्या नातलगांनी त्यांना नाकारले. याच विवाहाप्रीत्यर्थ वुस्टरच्या धर्मगुरूंनी त्यांना एक कविता भेट दिली. ती होती कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन यांची १८६५ मधील ‘द ड्रीम ऑफ जेरॉन्शियस’. वृद्ध जेरॉन्शियसचा मृत्यू, रक्षक दूतासोबत त्याच्या आत्म्याचा देवासमोरील प्रवास आणि शुद्धिस्थानातील आशा, असा तिचा विषय.

ही कविता एल्गार यांनी अनेक वर्षे मनात जपली. मग एकल गायक, भव्य गायकवृंद व वाद्यवृंद यांच्यासाठी तिला संगीत देऊन ती रचना त्यांनी देवाच्या अधिक गौरवार्थ अर्पण केली. ३ ऑक्टोबर १९०० रोजी बर्मिंगहॅम येथे ती प्रथम सादर झाली, पण प्रयोग फसला. गायकवृंदाच्या शिक्षकाचे काही महिन्यांपूर्वी अचानक निधन झाले होते व सराव अपुरा राहिला होता. एल्गार इतके खचले की देवानेच आपल्याकडे पाठ फिरवली, असे त्यांना वाटले.

सांत्वन परदेशातून आले. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे १९०१ व १९०२ मध्ये या रचनेचे मोठे स्वागत झाले. सप्टेंबर १९०२ मध्ये ती वुस्टरच्या अँग्लिकन कॅथिड्रलमध्ये गायली गेली; परंतु पवित्र मरिया, संत व शुद्धिस्थान यांविषयीचे शब्द वगळावे किंवा बदलावे लागले. ज्या आईने त्यांना ही श्रद्धा दिली, ती त्याच महिन्याच्या प्रारंभी निवर्तली होती. ६ जून १९०३ रोजी लंडनच्या नव्या वेस्टमिन्स्टर कॅथलिक कॅथिड्रलमध्ये एल्गार यांनी स्वतः या रचनेचे संचालन केले.

त्यानंतर प्रेषितांच्या जीवनावर ‘द अपॉसल्स’ (१९०३) व ‘द किंग्डम’ (१९०६) या रचना त्यांनी केल्या. नियोजित तिसरी मात्र अपूर्ण राहिली. १९०४ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. उत्तरायुष्यात त्यांची श्रद्धा डळमळली, १९२० मध्ये पत्नीही गेली. २३ फेब्रुवारी १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. लिटल माल्व्हर्न येथील संत वुल्फस्टन कॅथलिक चर्चच्या आवारात ते पत्नीशेजारी विसावले आहेत.

ज्या वुस्टर कॅथिड्रलमध्ये त्या शब्दांना कात्री लागली होती, तेथेच १९३५ साली जेरॉन्शियसचे दृश्य रेखाटलेली रंगीत काचेची खिडकी त्यांच्या स्मरणार्थ बसविण्यात आली. न्यूमन यांना २०१९ मध्ये संतपद व २०२५ मध्ये ख्रिस्तसभेच्या धर्मपंडिताचा सन्मान लाभला. एल्गार संत नव्हते, त्यांचा विश्वास डगमगला. तरीही त्यांनी रचलेली प्रार्थना आजही मृतांसाठी गायली जाते. आपण आपल्या मृत आप्तांचे स्मरण करताना या संगीतकाराच्या आत्म्यासाठीही एक प्रार्थना करू या.