हातांना पुन्हा कामाला लावणाऱ्या कमलाताई निंबकर



फलटणचं कमला निंबकर बालभवन आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. पण ज्यांच्या नावाने ही शाळा आहे त्या कमलाताई कोण, हे मलाही खूप उशिरा कळलं.

त्यांचा जन्म १९०० साली अमेरिकेत एका क्वेकर कुटुंबात झाला. माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून त्या भारतात आल्या, कमला झाल्या आणि इथल्याच होऊन राहिल्या. पुढे त्यांनी अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचं, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण घेतलं.

नावात व्यवसाय असला तरी ही फक्त नोकरीधंद्याची गोष्ट नाही. स्वतःच्या हाताने जेवणं, सदऱ्याची बटणं लावणं, आंघोळ करणं, पेन्सिल धरणं ही रोजची कामं माणसाला पुन्हा जमावीत, यासाठीचा हा उपचार. हात वळत नसेल तर सराव द्यायचा, तरीही नाही जमलं तर वस्तूच बदलायची. चमच्याची दांडी जाड केली तरी एखादं मूल आपलं आपण जेवतं.

असे उपचार करणारी माणसं इथेच तयार व्हावीत म्हणून १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमलाताईंनी प्रशिक्षण शाळा सुरू केली. आशियातली ही अशी पहिली शाळा मानली जाते. नंतर नागपुरातही असं शिक्षण सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९५२ साली या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तीही त्यांच्याच प्रयत्नांतून. १९७९ साली त्या गेल्या.

मुंबई-नागपूरपर्यंत आलेलं हे काम आमच्या गोरेगावसारख्या गावापर्यंत पोहोचायला मात्र आपली मदत लागते. माझ्या वर्गातल्या एका मुलाला मी अक्षरावरून रोज रागवायचे. त्याची बोटं पेन्सिल नीट धरूच शकत नाहीत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पेन्सिलीला कापडाची पट्टी गुंडाळून दिली, तेव्हा तो पहिल्यांदा पूर्ण ओळ लिहू शकला.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, तेव्हा फक्त वजन-उंची नोंदवून थांबू नका. कोणत्या मुलाला कोणतं काम जमत नाही, ते डॉक्टरांना नक्की सांगा. गरज असेल तर ते मुलाला पुढच्या उपचारासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. पालकांनीही यात लाज बाळगू नये.

मुलाला रागवण्याआधी एकदा त्याच्या हाताकडे बघूया.