गुरांसाठी वेशी बंद करणारा वैद्य

2022 मध्ये लम्पी त्वचा रोग राज्यभर पसरला आणि गुरांचे आठवडी बाजार बंद झाले. जनावरांच्या वाहतुकीवर बंदी आली. बाजाराच्या दिवशी रिकामी पडलेली मैदाने पाहून अनेक शेतकऱ्यांना प्रश्न पडला असेल की माझी गाय धडधाकट आहे, मग तिला तालुक्याला न्यायचे नाही, हे कोणी ठरवले? कायद्याच्या भाषेत उत्तर द्यायचे तर जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या 2009 च्या केंद्रीय अधिनियमाने. पण ही कल्पना मुळात तीनशे वर्षे जुनी आहे. ती प्रथम नीट मांडून अमलात आणणाऱ्यांमध्ये रोममधल्या एका वैद्याचे नाव आघाडीवर घेतात. गंमत अशी, की तो गुरांचा वैद्य नव्हताच.

जिओव्हानी मारिया लान्चिसी याचा जन्म 1654 मध्ये रोममध्ये झाला. वयाच्या अठराव्या वर्षी तो वैद्यकाचा पदवीधर झाला, पुढे सांतो स्पिरितो या रुग्णालयात रुजू झाला आणि तिशीत रोमच्या विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवू लागला. एकामागून एक तीन पोपांचा तो वैद्य होता. त्यांपैकी अकरावे क्लेमेंट हे पोप विद्येचे चाहते होते, आणि त्यांचा लान्चिसीवर फार विश्वास होता.

हा विश्वास कसा कमावला, ते 1705-06 च्या प्रकरणावरून दिसते. रोममध्ये माणसे अचानक मरू लागली. चालता बोलता माणूस कोसळायचा आणि संपायचा. शहरात घबराट पसरली, विषप्रयोगापासून दैवी कोपापर्यंत सगळे तर्क झाले. पोपच्या सांगण्यावरून लान्चिसीने मृतदेहांचे विच्छेदन केले. बिघडलेली हृदये आणि मेंदूतले रक्तस्राव त्याला दिसले, आणि 1707 मध्ये त्यावर त्याने पुस्तक लिहिले. घाबरलेल्या शहरात डोके शांत ठेवून, उघडून पाहायचे आणि मग बोलायचे, ही त्याची सवय. पुढे तीच कामी आली.

त्याच सुमारास युरोपच्या पूर्वेकडून एक रोग चालत येत होता. चालत हा शब्द मुद्दाम वापरला. हंगेरी आणि दाल्मेशिया प्रांतातले करड्या रंगाचे धिप्पाड बैल कळपाने पायी इटलीच्या बाजारांत आणले जात. युद्धांचे दिवस होते, सैन्याला मांस लागायचे, त्यामुळे ही वर्दळ आणखी वाढलेली. 1711 मध्ये पादुआ परिसरात गुरे पटापट मरू लागली. कळपातून चुकलेला एक बाहेरचा बैल एका सरदाराच्या गोठ्यात आणला गेला आणि तिथून आग पसरली, अशी नोंद तिथल्या रामाझिनी या वैद्याने केली. उद्योगधंद्यांमुळे होणाऱ्या आजारांवरचे पहिले मोठे पुस्तक लिहिणारा रामाझिनी तो हाच.

रोग होता बुळकांडी. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना हे नाव सांगायला लागत नाही. सणसणीत ताप, डोळ्यानाकातून स्राव, तोंडात व्रण, मग रक्ती हगवण, आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवे. नव्या मुलखात शिरला की कळपातली बहुतेक गुरे घेऊन जाणारा हा रोग. 1713 मध्ये तो रोमभोवतीच्या सपाट मुलखात पोहोचला. तिथले बैल नांगर ओढत, धान्य वाहत. म्हणजे प्रश्न केवळ मांसाचा आणि दुधाचा नव्हता, पुढच्या वर्षीच्या भाकरीचाही होता.

पोपने लान्चिसीला बोलावले. त्या काळी उपायांची काही कमतरता नव्हती. काढे होते, डाग देणे होते, रक्त काढणे होते, आणि मिरवणुका व प्रार्थना तर होत्याच. लान्चिसीने सल्ला दिला तो बहुतेकांना कडू लागला. औषधांच्या नादात वेळ घालवू नका, कारण औषध चालू असतानाच रोगी जनावर शेजारच्याला रोग देते. आजारी आणि संशयित गुरे मारा, पुरा आणि बाकीची जागची हलू देऊ नका. हे सहज पचनी पडले नाही. ज्या बैलावर घर चालते तो मारायचा, तोही कदाचित जगला असता असा, हे कोणत्या शेतकऱ्याला पटेल? आजही पटत नाही.

त्याचा युक्तिवाद मात्र पक्का होता. या रोगाचे अतिसूक्ष्म कण एका शरीरातून दुसऱ्यात जातात, असे त्याचे मत. ते जनावराच्या श्वासाबरोबर आणि लाळेबरोबर जातात, कातड्यावर, चाऱ्यावर, गुराख्याच्या कपड्यांवर बसून प्रवास करतात. मग उपाय ओघानेच आला. मेलेले जनावर कातडे न काढता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे. गोठे आणि पाण्याचे हौद धुऊन काढायचे. आजारी गुरांजवळच्या माणसाने निरोगी गुरांकडे जायचे नाही. रस्त्यांवर पहारे, बाहेरच्या गुरांना मज्जाव, आणि शहरात येणाऱ्या मांसाची तपासणी.

आदेश निघाले आणि त्यांच्यासोबत आलेल्या शिक्षा वाचून अंगावर काटा येतो. नियम मोडणाऱ्या सामान्य माणसाला देहदंड, धर्मगुरू असेल तर त्याला गलबतावर वल्ही मारायला पाठवायचे. पोपच्या राज्यातही धर्मगुरूंना सूट नव्हती, एवढी एक गोष्ट त्यात बरी म्हणायची.

1714 च्या वसंतापर्यंत साथ ओसरली. त्या काही महिन्यांत पोपच्या मुलखात सव्वीस हजारांहून अधिक गुरे गेली होती. आकडा लहान नाही. पण युरोपच्या इतर भागांत हा रोग दशकानुदशके धुमसत राहिला आणि त्या शतकात युरोपने वीस कोटींच्या घरात गुरे गमावली, असा अंदाज सांगतात. त्यापुढे रोमचे नुकसान आटोक्यातले वाटते. 1715 मध्ये लान्चिसीने या साथीचा वृत्तान्त ग्रंथरूपाने छापला.

रोगाचे कारण ठाऊक नसताना हे जमले कसे? बुळकांडीचा विषाणू गोवराच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक. शरीराबाहेर तो फार काळ टिकत नाही, त्याला एका जनावराकडून दुसऱ्याकडे जायला जवळीक लागते. लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच जनावर रोग पसरवू लागते, म्हणून धडधाकट दिसणाऱ्या गाईलाही बाजार बंद ठेवावा लागतो. बरे झालेले जनावर मात्र पुन्हा रोग पसरवत नाही. अशा विषाणूची वाट अडवली की तो उपाशी मरतो. लान्चिसीला यातले काही माहीत नव्हते. हे विषाणूचे काम आहे, याचा पुरावा 1902 मध्ये मिळाला. त्याचाच समकालीन कोग्रोसी याने 1714 मध्येच सूक्ष्म जीवांमुळे हा रोग होत असावा, असे लिहून ठेवले होते, पण ते फारसे कोणी मनावर घेतले नाही.

सगळ्याच रोगांना ही युक्ती सारखी लागू पडत नाही, हेही सांगायला हवे. लाळ्या-खुरकुताचा विषाणू वाऱ्यावरही जाऊ शकतो. लम्पी तर चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो, त्यांना कोण नाक्यावर अडवणार? तिथे बंदीमुळे साथीचा वेग कमी होतो, लसीकरणाला उसंत मिळते.

लान्चिसीच्या पद्धतीत एक मोठी उणीव होती. तिच्यात फास होता, भरपाई नव्हती. 1714 मध्येच रोग लंडनजवळ पोहोचला, तेव्हा थॉमस बेट्स या शल्यवैद्याने मारलेल्या प्रत्येक गाईमागे मालकाला चाळीस शिलिंग द्यायची शिफारस केली. साथ काही महिन्यांत आटोपली. माझ्या मते हीच खरी सुधारणा. पैसे मिळणार असतील तर शेतकरी रोग सांगतो, फाशीची भीती असेल तर लपवतो.

बुळकांडीचा पाठलाग पुढे आपल्या पुण्यातही झाला. गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा 1889 मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये सुरू झाली आणि 1893 मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरातल्या मुक्तेश्वरला हलवली गेली. रोगजंतू हाताळायचे तर गुरांच्या वर्दळीपासून दूरची जागा हवी होती. तिथेच 1927 मध्ये एडवर्ड्स यांनी बकऱ्यांवर वाढवलेल्या विषाणूची लस तयार केली. भारतातला शेवटचा रोगी 1995 मधला. 2011 मध्ये बुळकांडी जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर असा मान मिळालेला हा दुसराच रोग.

लान्चिसी मात्र गुरांपाशी थांबला नाही. ज्या 1714 मध्ये साथ संपली, त्याच वर्षी त्याने युस्ताकी या जुन्या शरीरशास्त्रज्ञाची दीडशे वर्षे दडून राहिलेली चित्रे छापून काढली आणि आपला ग्रंथसंग्रह सांतो स्पिरितो रुग्णालयाला देऊन तो डॉक्टरांसाठी खुला केला. 1717 मध्ये दलदलीतून येणाऱ्या तापांवर लिहिताना त्याने डासांचाही विचार केला, पण मुख्य दोष दलदलीच्या वाफांनाच दिला. 1720 च्या जानेवारीत तो रोममध्येच वारला. त्याने दिलेले ग्रंथालय आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते.