मादाम क्यूरींची तपश्चर्या

पोलंडमधील वॉर्सा शहरी ७ नोव्हेंबर १८६७ रोजी एका शिक्षकाच्या घरी मारिया स्क्लोदोव्स्का हिचा जन्म झाला. त्या वेळी तेथे रशियाच्या झारची सत्ता होती. वडील पदार्थविज्ञान आणि गणित शिकवीत. त्यामुळे विज्ञानाची गोडी मुलीला घरातच लागली. ती दहा वर्षांची असताना आई क्षयाने वारली. वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. तेव्हा दोघी बहिणींनी ठरविले की, आधी थोरल्या ब्रोन्याने पॅरिसला जाऊन वैद्यकी शिकावी, धाकटीने शिकवण्या करून तिला पैसे पाठवावे, आणि मग ब्रोन्याने धाकटीला बोलवावे. परक्यांच्या घरी राहून, त्यांची मुले शिकवीत मारियाने अनेक वर्षे काढली. १८९१ साली तिची पाळी आली. १८९३ मध्ये तिने सॉर्बोन विद्यापीठाची पदार्थविज्ञानाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळविली. १८९५ मध्ये प्येर क्यूरी या शास्त्रज्ञाशी तिचा विवाह झाला आणि ती मादाम क्यूरी झाली.

युरेनियममधून अदृश्य किरण निघतात, हे बेकरेल यांनी १८९६ साली दाखविले होते. मादाम क्यूरींनी पिचब्लेंड नावाचे खनिज तपासले, तो काय नवल! त्यातील युरेनियमच्या मानाने किरण फारच अधिक होते. म्हणजे त्यात आणखी काही दडलेले होते. १८९८ च्या डिसेंबरात क्यूरी दांपत्याने रेडियम या नव्या मूलद्रव्याची घोषणा केली. परंतु रसायनशास्त्रज्ञांचे समाधान होईना. जे डोळ्यांना दिसत नाही, ज्याचा अणुभार ठाऊक नाही, ते मूलद्रव्य कसे मानावे?

ऑस्ट्रियाच्या खाणीतून युरेनियम काढून उरलेला गाळ पॅरिसला आला. तो पोत्यांतला माल ठेवावयास एक मोडकळीस आलेली शेड मिळाली. पाऊस आला की छत गळे. त्या शेडमध्ये स्वतःच्या उंचीची लोखंडी सळई घेऊन मादाम क्यूरी एकेका वेळी वीस किलोग्रॅम माल ढवळीत. एक टन मालात अर्धा ग्रॅमसुद्धा रेडियम नव्हते!

सर्व निरुपयोगी द्रव्ये काढून टाकल्यावर रेडियम उरले ते बेरियमच्या संगतीत. ही दोन्ही मूलद्रव्ये जुळ्या भावंडांसारखी. बेरियमला जे रसायन लागू पडे, तेच रेडियमलाही पडे. मग त्यांना वेगळे कसे करावे? भेद एकच सापडला, तो विद्राव्यतेचा. ठरावीक तापमानाच्या ठरावीक पाण्यात एखादा पदार्थ जास्तीत जास्त किती विरघळतो, ही त्याची विद्राव्यता. ढवळल्याने किंवा कुटून बारीक केल्याने पदार्थ लवकर विरघळतो, पण ही मर्यादा वाढत नाही. ती पदार्थागणिक निराळी असते आणि तापमानाबरोबर बदलते. शंभर ग्रॅम पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे ३६ ग्रॅम बेरियम क्लोराइड विरघळते. उकळत्या पाण्यात सुमारे ५९ ग्रॅम. रेडियम क्लोराइड त्याहून कमी विरघळते.

मादाम क्यूरी हा मिश्र क्षार उकळत्या शुद्ध पाण्यात मावेल तितका विरघळवीत आणि द्रावण निवू देत. घट्ट पाक निवला म्हणजे खडीसाखर धरते, तसे भांड्याच्या तळाशी स्फटिक जमत. रेडियम बेरियमच्या आधी बाहेर पडू पाही. म्हणून स्फटिकांचा किरणोत्सार द्रावणात राहिलेल्या क्षाराच्या सुमारे पाचपट भरे. ते स्फटिक पुन्हा विरघळवावयाचे, पुन्हा निववावयाचे. उरलेले पाणीही फेकावयाचे नाही, कारण त्यातही थोडे रेडियम असेच. माल कमी होत गेला, तसे त्यांनी पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळले. त्याने क्लोराइडांची विद्राव्यता आणखी घटते. भांड्यांच्या रांगा वाढत गेल्या. शेडमधील कोळशाची व लोखंडाची धूळ त्यांत पडे आणि केलेल्या कामावर पाणी पडे. पुढे गाळावरची पहिली क्रिया कारखान्यात होऊ लागली, पण हे स्फटिकांचे काम बाईंनी स्वतःकडेच ठेविले. रात्री पतिपत्नी शेडमध्ये जात, तेव्हा अंधारात त्या नळ्या मंद निळसर प्रकाशाने चमकत असत.

१९०२ साली त्यांच्या हाती एक डेसिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहावा हिस्सा, शुद्ध रेडियम क्लोराइड आले. त्यावरून त्यांनी रेडियमचा अणुभार २२५ काढला. आज तो २२६ मानतात. रसायनशास्त्रज्ञांची शंका फिटली. १९०३ मध्ये प्येर व बेकरेल यांच्यासह त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९०६ साली घोडागाडीखाली सापडून प्येर दगावले. तरी मादाम क्यूरींनी काम थांबविले नाही. १९११ मध्ये रसायनशास्त्राचेही नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. रेडियम वेगळे करण्याच्या रीतीचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही.

किरणांचा अपाय तेव्हा कोणास नीट ठाऊक नव्हता. रक्ताच्या विकाराने ४ जुलै १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नोंदवह्यांना चिकटलेले रेडियम अद्याप किरण सोडीत असल्यामुळे त्या वह्या शिशाच्या पेट्यांत ठेवाव्या लागतात.