मराठी नावांचे मासे जगापुढे नेणारा कर्नल

वारंगा फाटा (जि. हिंगोली) : नांदेडहून हिंगोलीकडे जाणारा प्रवासी वारंगा फाट्यावर थांबतो तो प्रामुख्याने तेथील खिचडीसाठी. याच कळमनुरी तालुक्याच्या सीमेवरून पैनगंगा वाहते आणि तिच्यावर इसापूरचा विस्तीर्ण जलाशय पसरला आहे. महाराष्ट्रातील बहुतेक जलाशयांप्रमाणे येथील मासळीची चर्चाही रोहू, कटला आणि मृगळ या तीन नावांभोवती फिरते. हे तिन्ही मासे मूळचे उत्तरेतील नद्यांचे. मग गोदावरी आणि कृष्णेच्या खोऱ्यांतील मूळचे मासे कोणते आणि त्यांची नावे कोणती, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तरासाठी जवळपास दोनशे वर्षे मागे जाऊन एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या कामाकडे पाहावे लागते. त्या अधिकाऱ्याचे नाव कर्नल विल्यम हेन्री साईक्स.

पक्षीनिरीक्षकांना साईक्स हे नाव परिचित आहे. संख्याशास्त्राच्या इतिहासातही ते आढळते. परंतु दख्खनच्या नद्यांतील माशांचा पहिला व्यवस्थित आलेख मांडणारा माणूस ही त्यांची ओळख मात्र अभ्यासकांच्या वर्तुळापलीकडे फारशी पोहोचलेली नाही.

तेराव्या वर्षी फौजेत

साईक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. १८०३ मध्ये, म्हणजे वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत कॅडेट म्हणून दाखल झाले. १८०५ मध्ये लॉर्ड लेक यांच्या नेतृत्वाखालील भरतपूरच्या वेढ्यात ते होते. ज्या वयात मुले शाळेच्या बाकावर बसतात, त्या वयात त्यांच्या हाती तलवार आली. प्राणिशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेण्याची संधी त्यांना मिळालीच नाही.

मात्र भाषा शिकण्याची हौस त्यांना होती. १८१० पर्यंत त्यांनी हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषांत दुभाष्याची परीक्षा उत्तीर्ण केली. पुढे त्यांच्या हातून जे काम झाले, त्याची खरी पायाभरणी या परीक्षेत होती असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकी येथे पेशव्यांच्या सैन्याशी झालेल्या लढाईत ते इंग्रजांच्या बाजूने लढले. त्यानंतर डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमेतही ते सहभागी होते. ज्या प्रदेशावर ते शस्त्र घेऊन चालून गेले, त्याच प्रदेशाची वनस्पती, पशुपक्षी, शेती आणि माणसे यांची नोंद करण्यात पुढे त्यांची उमेदीची वर्षे गेली.

नोकरी संपली, काम संपले नाही

१८२० मध्ये साईक्स युरोपला गेले. १८२४ मध्ये ते परतले तेव्हा मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांच्यावर एक आगळी जबाबदारी सोपवली. नव्याने ताब्यात आलेल्या दख्खनची सर्वांगीण पाहणी करण्यासाठी त्यांना मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी नेमण्यात आले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे हे त्यांचे कार्यक्षेत्र होते. लोकसंख्या, जमिनीची मालकी, पिके, हवामान आणि निसर्ग अशा सर्व अंगांनी माहिती गोळा करायची होती.

पुढील पाच वर्षे साईक्स यांनी हा मुलूख अक्षरशः पिंजून काढला. तोच डिसेंबर १८२९ मध्ये सरकारने त्यांचे पदच रद्द केले. त्यांनी पलटणीत रुजू व्हावे अशी अपेक्षा होती. हाती अर्धवट राहिलेले अहवाल होते आणि ते पूर्ण करण्याचे वेतन आता कोणीही देणार नव्हते. साईक्स यांनी रजा घेतली आणि विनावेतन काम सुरू ठेवले. जानेवारी १८३१ मध्ये ते पूर्ण करूनच त्यांनी इंग्लंडचा रस्ता धरला. त्या वर्षभराच्या हट्टाची किंमत त्यांनी स्वतःच्या खिशातून मोजली. त्याचा लाभ मात्र आजही अभ्यासकांना मिळत आहे.

इंग्लंडला पोहोचल्यावर संग्रहातील एकेक विषय त्यांनी विद्वत्सभांपुढे मांडण्यास प्रारंभ केला. १८३२ मध्ये दख्खनमधील पक्ष्यांची सूची प्रसिद्ध झाली. आपल्याकडे नदीकाठी हमखास दिसणाऱ्या वंचकाचे शास्त्रीय नामकरण या सूचीतील आहे. एका रातव्याच्या जातीला त्यांनी दिलेले शास्त्रीय नाव तर थेट मराठा मुलखावरून घेतलेले आहे. १८३४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. दख्खनच्या हवामानावरील त्यांचा निबंध १८३५ मध्ये याच संस्थेने छापला.

भोई-कोळ्यांची भाषा शास्त्रात

माशांची पाळी आली ती १८३८ मध्ये. त्या वर्षाच्या अखेरीस लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे साईक्स यांनी दख्खनच्या माशांवरील निबंध सादर केला. सचित्र स्वरूपात तो १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीसहून अधिक जातींचे वर्णन त्यात होते आणि त्यांतील बहुतांश जाती शास्त्राला तोवर अज्ञात होत्या. भीमा, मुळा-मुठा आणि गोदावरी या नद्यांतील हे मासे होते.

या निबंधाचे मोठेपण केवळ संख्येत नाही. नव्या जातीला नाव देताना त्या काळातील युरोपीय अभ्यासक लॅटिन किंवा ग्रीक शब्दांकडे वळत, अथवा एखाद्या आश्रयदात्याचे नाव जोडून मोकळे होत. साईक्स यांनीही काही माशांना आपल्या परिचितांची नावे दिली. परंतु बऱ्याच माशांच्या बाबतीत त्यांनी नदीकाठी कानावर पडलेले मराठी नावच शास्त्रीय नाव म्हणून स्वीकारले. खुद्री, कोळस, नुक्ता, सांडकोळ, ताकरी, अळकूट, मुरी अशी भोई आणि कोळ्यांच्या जाळ्याबरोबर फिरणारी नावे थोड्याफार उच्चारभेदाने लॅटिन शब्दांच्या पंक्तीत जाऊन बसली. ज्या मासेमारांकडून ही नावे आली, त्यांची स्वतःची नावे मात्र निबंधात उरली नाहीत. तरीही त्यांच्या तोंडचे शब्द आज जगभरच्या मत्स्यसूचींमध्ये छापले जातात.

या निर्णयाचे महत्त्व पुढे वेगळ्याच कारणाने वाढले. एखाद्या जातीची ओळख निश्चित करायची तर मूळ वर्णन ज्या नमुन्यावरून केले तो नमुना पाहणे ही शास्त्राची रीत आहे. साईक्स यांच्या अनेक माशांचे मूळ नमुने आज कोठेही उपलब्ध नाहीत. त्यामुळे त्यांनी दिलेली वर्णने, चित्रे, ठिकाणांचे उल्लेख आणि ही मराठी नावे हाच अभ्यासकांचा आधार उरला आहे.

ट्राउट नव्हे, महसीर

या यादीतील सर्वांत नामांकित मासा म्हणजे खुद्री. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेच्या पात्रातून साईक्स यांनी त्याची नोंद केली. दख्खनचा महसीर म्हणून तो आज ओळखला जातो. मोठे खवले, जाड ओठ आणि वेगवान प्रवाहाला तोंड देणारे दणकट शरीर ही त्याची लक्षणे.

साईक्स स्वतः गळ टाकणारे शौकीन म्हणून प्रसिद्ध नव्हते. परंतु भारतात आलेल्या त्यांच्या अनेक देशबांधवांना मायदेशातील ट्राउटच्या शिकारीची ओढ स्वस्थ बसू देत नसे. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. वीस अंशांच्या वर तापणारे पाणी त्याला मानवत नाही. त्यामुळे दख्खनच्या तळ्यांत तो तगणे शक्यच नव्हते. काश्मीरमध्ये १९०० मध्ये स्कॉटलंडहून आणलेली त्याची अंडी रुजली, पुढे निलगिरीच्या उंचावरील पाण्यातही त्याने मूळ धरले. पठारावरील गळकऱ्यांनी मात्र महसीरमध्येच आपले समाधान शोधले. मद्रास प्रांतातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये भारतातील गळाच्या मासेमारीवर सविस्तर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यात महसीरला मानाचे पान मिळाले.

फ्लाय फिशिंग म्हणजे कृत्रिम माशीच्या साहाय्याने केलेली मासेमारी. नवशिक्याची पहिली फजिती होते ती माशीच्या वजनामुळे. पिसे आणि दोरा गुंडाळून केलेल्या या माशीला वजन जवळजवळ नसतेच. ती फेकता येत नाही. फेकावी लागते ती जड दोरी. काठी मागे नेल्यावर दोरी पाठीमागे पूर्ण सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचे आणि मगच ती पुढे आणायची, हा पहिला धडा. घाई केली की दोरी पायाशी गोळा होते. नदीत प्रवाह माशीला वाहून नेतो. तळ्यात पाणी स्थिर असल्याने हाताने दोरी थोडी थोडी ओढून तिला जिवंतपणा द्यावा लागतो. वारा कोणत्या दिशेने किडे वाहून नेत आहे, ओढा तळ्याला कोठे मिळतो, पृष्ठभागावर वर्तुळे कोठे उमटतात, हे न्याहाळल्याशिवाय फेकलेली माशी बहुधा वाया जाते. अळकुटासारखे पृष्ठभागावर वावरणारे चिमुकले चंदेरी मासे किड्यांवर झेपावतात, ते नवशिक्याला हेच शिकवतात. थोडक्यात, गळ टाकण्याआधी पाणी वाचता आले पाहिजे. साईक्स यांनी जाळे किंवा गळ यांऐवजी वही हाती घेतली, पण पाणी वाचण्याचा धडा त्यांनीही असाच नवशिक्याच्या चिकाटीने गिरवला होता.

एका नावाचा घोळ

साईक्स यांच्या नोंदींकडे दुर्लक्ष झाले की काय घडते, याचे उदाहरण कावेरीच्या खोऱ्यात सापडते. तेथील पाठीवर उंचवटा असलेला अवाढव्य महसीर हा जगभरातील गळकऱ्यांचे आकर्षण. साईक्स यांनी दख्खनमधील एका वेगळ्याच माशाला दिलेले मसुल्ला हे नाव अनेक दशके या कावेरीच्या माशाला लावले गेले. नाव चुकीचे असल्याने त्याची स्वतंत्र जात म्हणून दखल घेतली गेली नाही आणि धोक्यातील जातींच्या यादीतही त्याला योग्य जागा मिळाली नाही. अखेर २०१८ मध्ये संशोधकांनी तो मासा म्हणजे २००७ मध्ये केरळमधील पांबार नदीतून वर्णन झालेली जात असल्याचे दाखवून दिले. तोवर त्याची अवस्था अत्यंत चिंताजनक झाली होती.

दैवदुर्विलास असा की, या ऱ्हासामागील एक कारण म्हणून साईक्स यांच्याच खुद्रीकडे बोट दाखवले जाते. लोणावळ्याच्या वळवण तलावावर डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास खुद्रीचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. टाटा वीज कंपनीच्या तेथील केंद्रातून लाखो पिले तयार झाली. धरणांमुळे वाटा अडलेल्या माशाला त्यातून जीवदान मिळाले. परंतु पिले इतर राज्यांतही गेली आणि कावेरीत सोडलेल्या खुद्रीने मूळच्या रहिवाशाची जागा बळकावल्याचे निरीक्षण अभ्यासकांनी नोंदवले. कोणता मासा कोणत्या नदीचा, या साईक्स यांनी काळजीपूर्वक नोंदवलेल्या बाबीला केवढे मोल आहे, हे त्यावरून ध्यानी यावे.

उत्तरायुष्य आणि वारसा

१८३३ मध्ये लष्करातून निवृत्त झाल्यानंतरही साईक्स यांचे सार्वजनिक जीवन थांबले नाही. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या स्थापनेत त्यांचा सहभाग होता आणि १८६३ मध्ये ते तिचे अध्यक्ष झाले. १८४० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक झाले आणि पुढे तिच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचले. १८५८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १८५७ पासून अखेरपर्यंत ॲबर्डीनचे प्रतिनिधी म्हणून ते ब्रिटिश संसदेत होते. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ते कंपनी सरकारचे सेवक होते आणि त्यांची पाहणी राज्यकर्त्यांच्या सोयीसाठीच होती, हे विसरता येत नाही. जमीन, महसूल आणि माणसे मोजण्यामागे सत्तेचा हेतू होता. मात्र माशांच्या नोंदीतून कोणताही महसूल मिळणार नव्हता. त्या नोंदी झाल्या त्या निखळ कुतूहलापोटी, आणि त्यांतील काही तर बिनपगारी दिवसांत.

आज पुण्यातील मुळा-मुठेत साईक्स यांनी पाहिलेल्या अनेक जाती सापडत नाहीत, असे नंतरच्या पाहण्यांतून दिसून आले आहे. सांडपाणी, धरणे आणि बाहेरून आणलेले मासे ही त्याची कारणे. नुक्ता आणि सांडकोळ या जाती धोक्यात आल्या आहेत. जे हरवले ते हरवले हे तरी सांगता येते, कारण ते होते याची नोंद आहे.

वारंगा फाट्याच्या परिसराला ते भाग्य लाभले नाही. हिंगोलीचा हा मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. साईक्स यांच्या चार जिल्ह्यांच्या सीमेबाहेर राहिल्याने पैनगंगा आणि कयाधूचे मासे त्यांच्या पाहणीत आले नाहीत. या नद्यांच्या काठी पिढ्यान्पिढ्या मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील वृद्धांच्या स्मरणात आजही काही जुनी नावे असतील. ती लिहून घेण्यासाठी गव्हर्नरांच्या आदेशाची गरज नाही. नदीकाठी जाऊन, मराठीत विचारून, उत्तर लक्षपूर्वक ऐकणारा एखादा नवशिकाही त्यासाठी पुरेसा आहे. साईक्स यांनी प्रारंभ केला तेव्हा तेही नवशिकेच होते.