बाळशास्त्री जांभेकर : संपादकातील शिक्षक

बाळशास्त्री जांभेकरांना मराठी वृत्तपत्रांचे जनक म्हणण्याचा प्रघात इतका रूढ झाला आहे की, त्यांच्यातील शिक्षक त्यामागे झाकला गेला. पुणे विद्यापीठाने १९६४ साली रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेचे अध्यापन सुरू केले. परंतु हाताने काम करीत ही विद्या शिकण्याची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे.

कोकणातील पोंभुर्ले येथे १८१२ साली बाळशास्त्रींचा जन्म झाला. वडील गंगाधरशास्त्री यांच्याकडे संस्कृताचा पाया घालून ते किशोरवयातच मुंबईस आले. इंग्रजी आणि गणितावर त्यांनी प्रभुत्व मिळविले. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' निघाले, तेव्हा ते जेमतेम विशीत होते. एका स्तंभात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी. एकच मजकूर दोन भाषांत मांडताना मराठी गद्याला नवे राजकारण, नवे शास्त्र पेलावे लागले. संपादकाचीही ही शिकवणीच होती.

१८३४ मध्ये ते एल्फिन्स्टनमध्ये साहाय्यक प्राध्यापक झाले. दादाभाई नौरोजी हे त्यांचे विद्यार्थी. १८४० मध्ये 'दर्पण' बंद पडले आणि त्याच वर्षी 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू झाले. भूगोल, इतिहास, विज्ञान हे त्याचे विषय. म्हणजे वर्गातला पाठच छापून घरोघर जाऊ लागला.

या उद्योगात त्यांच्यासोबत होते गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन. त्यांना रूढ अर्थाने शिष्य म्हणणे धाडसाचे ठरेल. दोघे जवळजवळ समवयस्क होते. तथापि, पत्र कसे चालवावे हे भाऊंनी या सहवासात अनुभवले, यात शंका नाही. १८४१ मध्ये त्यांनी स्वतःचे 'प्रभाकर' काढले, आणि ते 'दर्पणा'ची नक्कल मुळीच नव्हते. 'दर्पणा'चा सूर संयत, राज्यकर्त्यांशीही बोलणारा. 'प्रभाकरा'चा सडेतोड, इंग्रजी राजवटीवर कठोर टीका करणारा. हा फरक बाळशास्त्रींच्या अपयशाचा पुरावा मानण्याचे कारण नाही. उलट, त्यांच्याजवळ वावरलेला माणूस स्वतंत्र आवाज घेऊन बाहेर पडला, हेच त्यात लक्षणीय आहे.

१८४५ मध्ये शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी त्यांनी 'ज्ञानेश्वरी'ची शिळाप्रत प्रसिद्ध केली. मे १८४६ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. लोकहितवादींची शतपत्रे 'प्रभाकरा'त येऊ लागली ती १८४८ पासून. ती वाचण्यास बाळशास्त्री उरले नव्हते.