अन्नशुद्धीसाठी झगडलेला रसायनशास्त्रज्ञ

हार्वे वॉशिंग्टन वायली यांचा जन्म १८ ऑक्टोबर १८४४ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. वैद्यकाची पदवी घेऊनही त्यांचे मन रसायनशास्त्रात रमले. पर्ड्यू विद्यापीठात अध्यापन केल्यानंतर ते अमेरिकी कृषी खात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ झाले.

त्या काळी दूध नासू नये म्हणून त्यात फॉर्मल्डिहाइड, तर मांसात टाकणखार सर्रास मिसळला जाई. ग्राहकाला त्याचा पत्ताही नसे. ही रसायने शरीरावर काय परिणाम करतात, याचा ठोस पुरावा मिळवण्यासाठी वायली यांनी १९०२ मध्ये खात्याच्याच इमारतीत भोजनगृह सुरू केले. तेथे १२ तरुण स्वयंसेवकांना सकस जेवणासोबत या रसायनांच्या मोजलेल्या मात्रा दिल्या जात आणि प्रकृतीची काटेकोर नोंद होई. अनेकांना मळमळ, डोकेदुखी, पोटदुखी जडली. काही प्रयोग आवरते घ्यावे लागले. वृत्तपत्रांनी या तरुणांना विषपथक असे नाव दिले. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही. मात्र त्यामुळे लोकमत जागे झाले.

३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न व औषध कायद्यावर स्वाक्षरी केली. पुढे सॅकरिनला विरोध केल्याने वायली यांनी त्यांचीच नाराजी ओढवून घेतली. अंमलबजावणीतील अडथळ्यांना कंटाळून १९१२ मध्ये त्यांनी पद सोडले आणि एका मासिकाच्या प्रयोगशाळेतून खाद्यपदार्थांची तपासणी सुरू ठेवली.

३० जून १९३० रोजी, कायद्याला बरोबर २४ वर्षे झाली त्याच दिवशी, त्यांचे निधन झाले. दुधातील प्रतिजैविकांचे अंश किंवा भाजीवरील कीटकनाशके तपासणाऱ्या आजच्या संशोधकांपुढेही त्यांचाच प्रश्न आहे: रोज थोडे थोडे पोटात गेलेले विष अखेर किती होते?