बैल न फिरवता

फर्स्ट इयरला कार्पेंट्रीचा जॉब आला की हॉस्टेलवर सगळ्यांचं ठरलेलं असतं. सीनिअरचा जुना जॉब मागायचा, पॉलिश मारायचं आणि सबमिशन उरकायचं. मीही तेच करणार होतो. पण लायब्ररीत फिलिपो ब्रुनेलेस्कीचं चरित्र हाती लागलं आणि माझी दिवाळीची सुट्टी ठाकुर्लीतच, लाकडी दाते घासण्यात गेली.

हा माणूस १३७७ साली इटलीतल्या फ्लॉरेन्सला जन्मला. शिकला सोनारकाम. १४०१ मध्ये बाप्तिस्मागृहाच्या ब्राँझच्या दरवाजासाठी स्पर्धा झाली, ती गिबेर्तीने मारली. ब्रुनेलेस्की मग रोमला जाऊन जुन्या इमारतींचा अभ्यास करत बसला. इकडे गावच्या कॅथीड्रलचं काम घुमटापाशी अडलं होतं. जमिनीपासून पन्नास मीटर उंचीवर सुमारे ४४ मीटरचं भगदाड! १४१८ मध्ये त्यासाठी स्पर्धा निघाली. खालून लाकडाचा पूर्ण आधार न देता घुमट बांधतो, असं याचं म्हणणं. बऱ्याच जणांना ते पटेना. तरी १४२० मध्ये काम सुरू झालं, आणि जोडीला पुन्हा तोच गिबेर्ती.

घुमटाबद्दल सगळेच लिहितात. मला भावलं ते माल वर चढवायचं त्याचं लाकडी यंत्र. ते बैल ओढायचे. आमच्या आजोबांच्या विहिरीवर मोट होती. बैल धावेवरून उतरले की मोट वर येते, पण ती परत विहिरीत सोडायची तर बैलांना मागे मागे सरत धाव चढावी लागते. गोल फिरणाऱ्या बैलांचा तर त्याहून घोळ. दोर खाली सोडताना दर वेळी जू काढून बैल उलट्या तोंडाने जुंपायचे.

ब्रुनेलेस्कीने उभ्या खांबावर दोन आडवी दातेरी चाकं बसवली, एक वर, एक खाली. त्यांच्यामध्ये आडव्या आसावरचं उभं चाक. स्क्रू फिरवून खांब जरा वर-खाली केला की कधी खालचं चाक दात्यांत बसायचं, कधी वरचं. बैल एकाच दिशेने चालत राहायचे, दोर मात्र उलटा फिरायचा. आपण गाडीत रिव्हर्स गिअर टाकतो ना, तसंच! १४२१ पर्यंत हे यंत्र उभंही राहिलं.

मी त्याचं हातभर मॉडेल करायला घेतलं. चाक एका फळीतूनच दात्यांसकट कापलं. एक किलोचं वजन लावलं आणि चार दाते तुटले. वर्कशॉपच्या काकांनी तुटका दाता उजेडात धरून लाकडाच्या रेषा दाखवल्या. फळीत रेषा एकाच दिशेने जातात. ज्या दात्यांत त्या लांबीने येतात ते टिकतात, आडव्या येतात ते सुटतात. म्हणून दाता वेगळा करायचा आणि कुसवासारखा चाकाच्या खाचेत ठोकायचा. चोवीस दाते, चोवीस खाचा. खाच सैल झाली तर दाता डुगडुगतो, घट्ट झाली तर चाक फुटतं. दोन चाकं फोडल्यावर पटाशी हाताला लागली. ड्रॉइंग शीटवर यातलं काही दिसलं नव्हतं.

ब्रुनेलेस्कीचंही सगळं काही जमलं नाही. संगमरवर वाहायला त्याने खास बोट बांधली, १४२१ मध्ये तिच्यावर तीन वर्षांचा हक्कही मिळवला. पुढे तिच्यातला माल आर्नो नदीत गेला. घुमट मात्र १४३६ मध्ये पुरा झाला. १४४६ मध्ये तो वारला आणि त्याच कॅथीड्रलमध्ये त्याला पुरलं. ते यंत्र आपल्याला कळतं ते लिओनार्दोसारख्यांनी काढलेल्या चित्रांवरून.

व्हायवा झाल्यावर मॉडेल मांडीवर घेऊन स्लो लोकलने कल्याण गाठलं आणि तिथून गाव. (ठाकुर्लीला फास्ट थांबत नाही, हे सांगायला नकोच.) आजोबांनी दांडा फिरवला, वजन वर गेलं. मी स्क्रू फिरवला. दांडा त्याच बाजूला फिरत राहिला आणि वजन खाली आलं. आजोबा काही बोलले नाहीत. मला बाजूला सारून त्यांनी स्क्रू स्वतःच्या हातात घेतला आणि तीनदा करून पाहिलं.